पिवळ्या रेघेच्या अलीकडे

"ही रेघ ओलांडलीत मॅडम, की तुम्ही परदेशात आलात," फाटकाच्या आतून दाभाडकर म्हणाले आणि हातातल्या कपातला चहा सावकाश प्यायले.

मी खाली बघितलं. त्यांच्या बंगल्याच्या फाटकात, दोन खांबांच्या मधल्या फरशीवर, चार बोटं रुंदीची पिवळी रेघ ऑइलपेंटनं ओढलेली होती. माझ्या बुटांची टोकं रेघेपासून वीतभर अलीकडे होती. मी ती आणखी दोन बोटं मागे घेतली. हे मी आज कबूल करते. तेव्हा कुणी विचारलं असतं तर ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून सरकले, असं ठोकून दिलं असतं.

अठ्ठावीस वर्षांची होते मी. इंदुमती खरमाटे, त्या ठाण्यातली पहिली बाई फौजदार. टोपी अजून कडक होती आणि आवाजही. माझ्या डाव्या बाजूला हवालदार गांगुर्डे उभे होते, ज्यांची नोकरी माझ्या वयाएवढी झाली होती आणि जे मला 'मॅडम' म्हणताना दर वेळी थोडं हसायचे. आमच्या मागे आहेरबाई होती. चंद्रभागाबाई आहेर, पन्नाशीची, फार्मसी कॉलेजच्या पोरांना डबे देणारी. तक्रार तिचीच होती.

दोन तासांपूर्वी ती ठाण्यात आली तेव्हा हाताला पीठ तसंच होतं.

"माझी पोरगी दूतानं कोंडून ठेवलीया," ती म्हणाली.

"तुमची मुलगी?"

"पोटची न्हाई. भाडेकरू हाय. पन तीन वरसं माझ्या ताटात जेवलीया, मंग कुनाची म्हनायची?"

पोरीचं नाव दुल्सी. आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात काही बेटं आहेत, त्यांचा मिळून एक चिमुकला देश आहे, तिथली. देशाचं नाव मी सांगत नाही. त्या देशाचा यात काही दोष नव्हता. ती आमच्या गावात फार्मसी शिकायला आली होती आणि शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा अकरा दिवसांवर आलेली. पण तिचा भारतात राहायचा परवाना आम्ही फाटकाशी उभे होतो त्याच दिवशी संपत होता. तो वाढवून घ्यायचा तर एसपी ऑफिसातल्या परदेशी नागरिकांच्या टेबलावर पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि पासपोर्ट होता दाभाडकरांच्या कपाटात.

दाभाडकरांकडे तो का होता, तर ते त्या देशाचे मानद वाणिज्यदूत होते. म्हणजे मूळचा हा आमच्याच गावचा माणूस, शेतीपंपांचा कारखानदार. पंप त्या बेटांवर जायचे. त्या देशाला इथे आपला माणूस पाठवून पोसणं जमत नसावं, म्हणून त्यांनी ओळखीच्या व्यापाऱ्याला हा मान दिला. काम एवढंच की, त्या देशाचं कुणी इकडे अडचणीत सापडलं तर त्याला मदत करायची. दाभाडकरांनी काम सोडून बाकी सगळं केलं. फाटकावर पितळी पाटी लावली, गच्चीवर झेंडा उभारला, आणि एका रविवारी पेंटर बोलावून ही रेघ ओढून घेतली.

आणि गाव असं की, ती रेघ गावानं पाळली. विजेचं मीटर वाचणारा फाटकाशी उभा राहून आतल्या माळ्याला आकडे ओरडून विचारायचा. निवडणुकीत मतं मागायला निघालेले उमेदवार रेघेवरूनच हात जोडून पुढे गेले, असं सांगत. आम्हा पोलिसांचं तर विचारूच नका. हद्द या शब्दावर आमचा जीव. नदीतून प्रेत वाहत आलं तर बांबूनं हळूच पलीकडच्या ठाण्याच्या काठाला लावणारे आम्ही. आम्हाला कुणी फुकटात एक हद्द आखून दिली तर आम्ही तिला नमस्कारच करणार.

"कोंडून ठेवलेलं नाही कुणाला," दाभाडकर म्हणाले. त्यांचं बोलणं मऊ होतं. एवढ्या मऊ आवाजात माणूस दुसऱ्याला खाली दाबू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. "माझी आई आजारी आहे. अर्धांगवायू. मुलगी तिची थोडी सेवा करते. औषधांचं शिकते ना, तिलाही अनुभव."

"चार दिस घरी आली न्हाई ती," मागून आहेरबाई म्हणाली. "दोन महिने झाले, पासपोर्ट हेच्याकडं दिलाय, शिक्का मारून मागतीया. उद्या ये, उद्या ये. आन रोज म्हातारीचं हगनंमुतनं काढून घेतोय हा."

"ही कोण?" दाभाडकरांनी मला विचारलं.

"फिर्यादी आहेत."

"बरं. फिर्यादींना सांगा, दुसऱ्या राष्ट्राच्या प्रतिनिधीशी बोलताना जिभेला आवर घालावा."

मी आहेरबाईला खरंच म्हणाले, "मावशी, जरा दमानं."

तेवढ्यात दुल्सी व्हरांड्यात आली. उंच पोरगी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात ओले. फिनेलचा वास फाटकापर्यंत येत होता. आहेरबाईला बघून तिनं ओले हात पटकन ड्रेसला पुसले.

"मावशी, आज शेवटची तारीख हाय ना?" तिनं विचारलं. मराठी ती आहेरबाईकडून शिकली होती, त्यामुळे हुबेहूब आहेरबाईचीच बोलायची. "किती वाजलं?"

"पावणेचार," मी म्हणाले.

निघण्यापूर्वी मी एसपी ऑफिसला फोन केला होता. टेबलावरचा कारकून भला माणूस होता. म्हणाला, पासपोर्ट घेऊन या मॅडम, पाचला बंद होतं पण मी सहापर्यंत बसतो. म्हणजे सव्वादोन तास हातात होते. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत वीस पावलं असतील. व्हरांड्याच्या आत उजव्या हाताला ऑफिसची खोली होती आणि तिच्यातलं हिरवं कपाट मला उभ्या जागेवरून दिसत होतं.

"साहेब, तिचा पासपोर्ट तिला द्या," मी म्हणाले. "विषय संपला."

"पासपोर्ट तिचा नसतो, मॅडम. तिच्या सरकारचा असतो. आणि इथे ते सरकार म्हणजे मी." त्यांनी कप फाटकाच्या खांबावर ठेवला. "तिला मी अडवलेलं नाही. फाटक उघडं आहे. तिला जायचं तर आत्ता जाऊ दे. फक्त एक विचार करा. पासपोर्ट नसलेली परदेशी बाई या रेघेच्या बाहेर आली, तर तिचं काय करायचं असतं? तुमच्याच कायद्यात लिहिलंय."

गांगुर्डे माझ्या कानाशी आले. "बरोबर बोलतोय तो मॅडम. बिगरपासपोर्टची सापडली तर आपल्यालाच आत घ्यावी लागंल. दिल्लीपत्तोर जाईल भानगड. साहेबांना विचारा."

मी वायरलेसवर आमचे निरीक्षक सोनजे साहेब यांना गाठलं. सगळं सांगितलं. खरखरीतून त्यांचा आवाज आला.

"पाटी आहे का फाटकावर?"

"आहे सर."

"झेंडा?"

"आहे."

"मग पाऊल टाकू नका आत. आपल्या हद्दीत येत नाही ते. दिल्लीला त्यांच्या वकिलातीला पत्र टाकू."

"सर, आज सहापर्यंतच..."

"खरमाटे, नोकरी नवी आहे तुमची. इंटरनॅशनल भानगडीत खाकी घालू नका."

दाभाडकरांना पलीकडचं बोलणं ऐकू गेलं असणार, कारण त्यांनी आणखी एक चहा मागवला. आम्हाला विचारलं नाही.

मी तिथे उभी राहिले. मी किती तरी युक्त्या लढवल्या असं आज सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी फक्त उभी राहिले, मधेमधे कडक आवाजात "साहेब, विचार करा" असं म्हणत. साडेचार झाले. आतून म्हातारीनं हाक मारली, दुल्सी आत जाऊन आली. पाच वाजले. दाभाडकर व्हरांड्यात खुर्चीवर पेपर वाचत होते.

"मॅडम," आहेरबाई म्हणाली, "तुम्ही जाता का मी जाऊ?"

"मावशी, ते बेकायदेशीर होईल. ती जागा आपली नाही. आत काही झालं तर मला तुमच्यासाठी काही करता येणार नाही."

"भाईर तरी काय करताय?"

एवढं बोलून ती निघाली. रेघेकडे तिनं बघितलंही नाही. पायातली चप्पल काढून जावं की नाही एवढाच विचार तिनं क्षणभर केला असावा, कारण ती जरा थांबली आणि मग चपलांसकट गेली. वीस पावलं. तीन पायऱ्या. ऑफिसच्या दाराशी ती पोचली तेव्हा कुठे दाभाडकर खुर्चीतून उठले.

"ए बाई! कुठे चाललीस?"

"त्या कपाटात पोरीचा पासपोर्ट हाय. त्यो घेऊन जाते. आडवा येऊ नको."

"सरकारी कागद आहेत तिथे! हात लावशील तर..."

"तू बाजूला हो आधी," आहेरबाई म्हणाली.

दाभाडकरांनी तिचा दंड धरला आणि तिला पायऱ्यांकडे लोटलं. मला वाटतं एवढ्या जोरात लोटायचं त्यांच्या मनात नव्हतं; आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांची रेघ मोडली होती. आहेरबाई तिन्ही पायऱ्या चुकवून खाली आली आणि तिनं पडता पडता उजवा हात टेकला. हाड मोडल्याचा आवाज फाटकापर्यंत आला.

माझ्या कमरेला पिस्तूल होतं. हातात काठी होती. डोळ्यांसमोर एका माणसानं एका बाईचा हात मोडला होता, आणि मी रेघेच्या अलीकडे उभी होते. मला कुणी धरून ठेवलं नव्हतं. गांगुर्डे तर माझ्यापासून दोन हात लांब सरकले होते, जणू आता मी आत जाणार आणि त्यांना वाट करून द्यायची होती. मी ओरडले, "साहेब! साहेब, हे बरोबर नाही!" एवढंच.

दाभाडकरांचा चेहरा पांढरा झाला होता, पण आवाज लगेच जागेवर आला. "घुसखोरी केली तिनं. तुम्ही साक्षीदार आहात मॅडम."

दुल्सी तीन उड्यांत खाली आली. तिनं आहेरबाईला काखेत धरून उठवलं, मोडलेला हात तिच्याच पदरात बांधला. औषधांचं शिकत होती, बांधणं नीट जमलं. दोघी फाटकाकडे यायला लागल्या. रेघेशी आल्यावर आहेरबाई सरळ पुढे आली. दुल्सी मात्र थांबली. तिच्या मागे ते हिरवं कपाट होतं, आणि ते सोडून बाहेर येणं म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

"ताई," ती मला म्हणाली, "आले तर पकडशील?"

मी म्हणाले, "ये."

तेवढंच म्हणाले. नाही पकडणार, असं म्हणाले नाही. पण तिला ते तसंच ऐकू गेलं, आणि तिला तसं ऐकू जावं अशीच माझी इच्छा होती. ती रेघेवरून बाहेर आली.

सरकारी दवाखान्यात आहेरबाईच्या हाताला प्लॅस्टर घालून ठाण्यात पोचेपर्यंत सात वाजले होते. सोनजे साहेब खुर्चीत वाट बघत होते. दाभाडकरांचा फोन आमच्या आधी पोचला होता.

"पासपोर्ट दाखवा म्हणावं," ते म्हणाले.

"सर, तुम्हाला माहीत आहे तो कुठे आहे."

"मला काहीच माहीत नाही. माझ्यासमोर एक परदेशी नागरिक उभी आहे. तिच्याकडे पासपोर्ट नाही, परवाना आज संपला. लिहा."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालं होतं. विदेशी नागरिक कायद्याखाली दुल्सीवर गुन्हा मीच माझ्या हातानं दाखल केला. ती समोरच्या बाकावर बसली होती. तिनं आरडाओरडा केला नाही, मला शिव्या दिल्या नाहीत. एकदाच म्हणाली, "तू ये म्हनलीस." मी लिहीत राहिले.

मग आहेरबाईची फिर्याद घेतली. घटनास्थळाच्या रकान्यात काय लिहू, असं मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, काय लिहिणार, हद्दीबाहेर. म्हणून मी 'घटनास्थळ ठाण्याच्या हद्दीबाहेर' असं लिहिलं आणि त्या एका ओळीनं ती फिर्याद तिथेच मेली. आहेरबाईचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. ठसा देताना तिनं विचारलं, "हे काय लिवलंय वाचून दावा." मी वाचून दाखवलं.  दुल्सीला घरून भाकरी आणून दिली तर चालेल का, एवढंच विचारून ती गेली.

दुसऱ्या दिवशी दाभाडकरांनी पासपोर्ट पाठवला. लाखेचं सील लावलेल्या पाकिटात, स्थानिक पोलिसांना सहकार्य म्हणून, असं पत्र जोडून. आता तो देऊन काही बिघडत नव्हतं. त्याचा उपयोग फक्त तिला देशाबाहेर पाठवायला होणार होता. तेविसाव्या दिवशी तिला मुंबईहून विमानात बसवलं. परीक्षा त्याआधीच होऊन गेली होती. पोहोचवायला दोन महिला शिपाई गेल्या. मला जायला सांगितलं होतं. मी आजारपणाची रजा टाकली.

पुढे सहा वर्षांनी मला एका प्रशिक्षणासाठी दिल्लीला पाठवलं. परदेशी नागरिक, वकिलाती, दूत वगैरे विषय होते. शिकवायला परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेले एक म्हातारे गृहस्थ यायचे. तिसऱ्या दिवशी ते मानद वाणिज्यदूतावर आले.

"त्याचं घर म्हणजे घर," ते म्हणाले. "तुमच्या-माझ्या घरासारखं. कचेरीचे कागद त्यानं वेगळे ठेवले असतील, तर तेवढ्या कागदांना हात लावायचा नाही. बाकी दार वाजवा आणि कामाचं कारण असेल तर आत जा. आणि तो भारतीय नागरिक असेल तर मारामारीसाठी त्याला तुमच्यासारखीच अटक होते. आणखी एक लक्षात ठेवा. राजदूताची वकिलातसुद्धा परदेशी जमीन नसते. जमीन आपलीच असते. तिथे विचारल्याशिवाय जायचं नाही, एवढाच करार आहे."

मी हात वर केला. "सर, आणि त्यानं फाटकात रेघ ओढली असेल तर?"

वर्ग हसला. तेही हसले. "रांगोळी समजा," ते म्हणाले.

मी पुढचं काही लिहून घेतलं नाही. मला फक्त आकडे दिसत होते, वीस पावलं, तीन पायऱ्या, सव्वादोन तास. मी आत गेले असते तर सहाच्या आत टेबलावर पोचले असते. कारकून बसून राहिला होता. नंतर मला कळलं की तो साडेसहापर्यंत बसला होता.

परत आल्यावर मी पहिल्यांदा आहेरबाईकडे गेले. बढती झाली होती, गाडी होती, ती मी कोपऱ्यावर उभी करून चालत गेले. दार तिनंच उघडलं. हात वाकडा बसला होता. आत सून भाकरी थापत होती, कारण हिला आता थापता येत नव्हती. तिनं मला ओळखलं आणि दारातून बाजूला झाली नाही.

मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. तो कायदा, ते करार, ती रेघ म्हणजे नुसता रंग होता, हे सगळं.  "आपण केस पुन्हा उघडू मावशी. तुमच्या हाताची. त्याच्यावर आता गुन्हा दाखल करता येईल, मी स्वतः करते."

"दुल्सी कुठं हाय आता?"

"माहीत नाही."

"शिकली का पुढं?"

"ते... नाही माहीत."

"मंग केस कुनासाठी?"

मला रडू आलं. आवरलं नाही. वर्दीत होते, आजूबाजूच्या बायका बघत होत्या, तरी आवरलं नाही. "मावशी, मला खरंच माहीत नव्हतं हो. मला वाटलं तो खरंच परदेश आहे. माहीत असतं ना, तर मी आत आले असते. देवाशपथ आले असते."

 राग नव्हता आहेरबाईच्या तोंडावर, तो केव्हाच संपला असावा. सुनेला तिनं तव्यावरची भाकरी उलटायला सांगितली आणि मग दाराची कडी हातात धरून मला म्हणाली,

"मला तरी कुठं माहीत होतं?"